लस, घर आणि मधलं अंतर

वर्धा–यवतमाळ रस्त्यावर वर्ध्याच्या पुढे देवळी लागतं. तालुक्याचं गाव. नगर परिषद, ग्रामीण रुग्णालय, शाळा, बाजार, सगळं आहे. भोवताली कापूस, तूर, सोयाबीनची शेतं आणि लहान लहान खेडी. इथल्या कुठल्याही खेड्यात लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. परिचारिका बर्फाच्या पिशव्या घातलेला लशींचा डबा घेऊन अंगणवाडीत येते. आशाताईंनी आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिलेला असतो. लस फुकट असते. तरीही संध्याकाळी यादीत दोन-चार नावांपुढची जागा कोरीच राहते, आणि पुढच्या महिन्यातही ती बहुधा त्याच घरांची असते.

ही घरं कुणाची? शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न विचारला, तर उत्तर चटकन येतं : "अडाणी आईबाप, दुसरं काय! त्यांना कळतच नाही."

या उत्तरात थोडं तथ्य आहे. पण ते पुरेसं आहे का? की त्यामुळे खरं कारण शोधायचंच राहून जातं? या लेखात आपण हे उत्तर थोडं तपासून पाहू या.

आकडे काय म्हणतात?

आपल्या देशात ठरावीक वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी किती जणांना क्षयाची (बीसीजी), पोलिओची, त्रिगुणी किंवा पंचगुणी आणि गोवराची लस वेळापत्रकाप्रमाणे मिळाली, हे त्यात नोंदवतात. या सगळ्या लशी मिळालेल्या मुलाला 'पूर्ण लसीकरण झालेलं' म्हणतात.

२००५-०६ च्या पाहणीत देशभरात अशी मुलं १०० पैकी ४४ होती. आई शाळेतच न गेलेल्या मुलांत हे प्रमाण २६ होतं, तर आई बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या मुलांत ७५. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत २४ आणि सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यात ७१. शहरात ५८, खेड्यात ३९. म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं उत्तर बरोबर वाटतं, नाही का?

आता आपल्या राज्याकडे पाहू. महाराष्ट्रात १९९८-९९ च्या पाहणीत १०० पैकी सुमारे ७८ मुलांचं लसीकरण पूर्ण होतं. २००५-०६ मध्ये हा आकडा ५९ वर आला. २०१५-१६ मध्ये तर ५६ वर. २०१९-२१ च्या पाहणीत तो पुन्हा ७३ च्या पुढे गेला. याच काळात राज्यातली साक्षरता २००१ च्या जनगणनेत सुमारे ७७ टक्के होती आणि २०११ च्या जनगणनेत ८२ टक्के. साक्षरता वाढत होती आणि लसीकरण घटत होतं! म्हणजे लोक अडाणी झाले म्हणून लसीकरण खाली आलं, असं तर म्हणता येणार नाही.

आणखी एक आकडा. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या शहरांत ७५.५ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण होतं आणि खेड्यांत ७६.८ टक्के. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एकोणीस टक्क्यांनी मागे असलेली खेडी शहरांच्या बरोबरीला आली, किंचित पुढेच गेली. एवढ्या काळात खेड्यांतली माणसं शहरातल्या माणसांहून जास्त शिकली किंवा श्रीमंत झाली, असं झालेलं नाही. मग बदललं काय?

दोन वस्त्यांचं गणित

त्याआधी एक लहानसं उदाहरण सोडवू. आकडे काल्पनिक आहेत. वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहेत.

समजा, दोन वस्त्या आहेत. दोन्हींत शंभर-शंभर बाळं. पहिली वस्ती रस्त्यालगत आहे, तिथे दर महिन्याला न चुकता लसीकरण होतं. तिथल्या ८० बाळांच्या आया शिकलेल्या, २० च्या न शिकलेल्या. दुसरी वस्ती नाल्यापलीकडे. पावसाळ्यात परिचारिका पोहोचत नाही. तिथे २० बाळांच्या आया शिकलेल्या, ८० च्या न शिकलेल्या.

पहिल्या वस्तीत ९० टक्के बाळांना सगळ्या लशी मिळतात, आई शिकलेली असो वा नसो. दुसऱ्या वस्तीत ४० टक्क्यांनाच मिळतात, तेही आई शिकलेली असो वा नसो.

आता बेरीज करा. शिकलेल्या आयांची बाळं १००. त्यांपैकी पहिल्या वस्तीत ७२ आणि दुसरीत ८, अशी ८० बाळांना लस मिळाली. न शिकलेल्या आयांचीही बाळं १००. त्यांपैकी १८ आणि ३२, म्हणजे ५० बाळांना मिळाली. एकत्र तक्ता पाहणारा म्हणेल, "शिकलेल्या आया ८० टक्के, न शिकलेल्या ५० टक्के. शिक्षणाचा केवढा परिणाम!" प्रत्यक्षात आपण मांडलेल्या गणितात शिक्षणाचा परिणाम शून्य होता. फरक होता वस्तीचा.

दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असते असं नाही, हे विज्ञानात आपण नेहमी शिकवतो. समाजाचे आकडे वाचताना मात्र ते विसरतो. शिक्षण, जात, जमीन, रस्ता, मजुरी या गोष्टी आपल्याकडे एकमेकींना चिकटूनच येतात. एकीचा परिणाम दुसरीच्या नावावर सहज जमा होतो.

मग आईच्या शिक्षणाचा काहीच परिणाम नसतो का? असतो. सोनल्दे देसाई आणि सौम्या अल्वा या अभ्यासकांनी १९९८ साली बावीस विकसनशील देशांच्या पाहण्या तपासल्या. घरची सांपत्तिक स्थिती आणि राहण्याचा भाग यांचा परिणाम वेगळा काढल्यावर, आईच्या शिक्षणाचा बालमृत्यूशी आणि मुलाच्या उंचीशी असलेला संबंध बराच क्षीण झाला. लसीकरणाशी असलेला संबंध मात्र सुमारे निम्म्या देशांत टिकून राहिला.

तो कशामुळे? शाळेत गेलेल्या मुलीला जंतूंची नावं पाठ असतात म्हणून नव्हे. आम्हांला तीन कारणं महत्त्वाची वाटतात. ती कार्डावरची तारीख वाचू शकते. दवाखान्यात गेल्यावर चार प्रश्न विचारायला ती कचरत नाही, आणि समोरचाही तिच्याशी जरा नीट बोलतो. आणि घरात सासू-नवऱ्यापुढे तिच्या शब्दाला थोडं वजन असतं. थोडक्यात, शिक्षण तिला दवाखान्यापर्यंतचं अंतर कापण्याचं बळ देतं. अंतरच कमी केलं, तर जिला ते बळ मिळालेलं नाही तीही पोहोचू शकेल.

चार घरं

हे अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत. देवळी परिसरात शोभतील अशी चार घरं डोळ्यांपुढे आणू.

पहिलं घर शेतमजुराचं. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होते. बाई जितके किलो वेचेल तितके पैसे. लसीकरणाचा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. खरी अडचण दुसऱ्या दिवशी असते. पंचगुणी लशीनंतर बाळाला ताप येतो, ते रात्रभर किरकिरतं, आणि आईचा दुसरा दिवसही बुडतो. "चांगलं खेळतं लेकरू, सुई देऊन कायले आजारी पाडता?" हा तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तिने पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला तो निष्कर्ष आहे.

या तापाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सरकारी लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले संपूर्ण जिवाणू असतात. शरीर त्यांना ओळखून प्रतिकाराची तयारी करतं, तेव्हा ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. खाजगी दवाखान्यात जिवाणूचे निवडक भागच असलेली महागडी लस मिळते, तिने ताप कमी येतो. म्हणजे ज्या घराला रजा घेणं परवडतं त्याला ताप कमी, आणि ज्याची मजुरी बुडते त्याच्या वाट्याला ताप जास्त! "ताप येईल, ही गोळी एवढी द्या, परवापर्यंत उतरेल" एवढं वाक्य नीट सांगितलं गेलं, तर पुढच्या महिन्यात ती आई परत येण्याची शक्यता वाढते. न सांगता ताप आला, तर तिचा विश्वास उडतो.

दुसरं घर मध्यम शेतकऱ्याचं. सून बाळंतपणाला माहेरी गेली. पहिल्या लशी तिकडे झाल्या. चार महिन्यांनी ती सासरी आली. कार्ड माहेरच्या पेटीत राहिलं. माहेरच्या यादीत बाळ 'गाव सोडून गेलं' आणि सासरच्या यादीत ते आलंच नाही. साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर गोवराची लस थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात असेपर्यंत ही लस नीट काम करत नाही, म्हणून थांबावं लागतं. या पाच-साडेपाच महिन्यांच्या मोकळ्या काळात बाळ नेमकं हरवतं. या घरात अज्ञान नाही, विरोध नाही. चूक नोंदवहीची आहे.

तिसरं घर गावाबाहेरचं. वीटभट्टीवर आलेलं कुटुंब, किंवा पारधी बेड्यावरचं. वर्धा जिल्ह्यात असे बेडे आहेत. इथे सगळ्यात आधी प्रश्न असतो तो कुणाच्या यादीत यायचं याचा. जिथे वर्षानुवर्षं सरकारी माणूस म्हणजे पोलीसच आलेला, तिथे पांढरा डबा घेऊन आलेल्या अनोळखी बाईकडे कुणी विश्वासाने कसं पाहील? हे अंतर गावकुसाचं आहे. ते रस्ता करून मिटत नाही, ओळख झाल्यावर मिटतं.

चौथं घर देवळीतल्याच एखाद्या नोकरदाराचं. मूल खाजगी डॉक्टरकडे जातं. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. बहुतेक वेळा इथे सगळं वेळेवर होतं. पण शंका आली की तीही इथेच जास्त टोकदार असते, कारण मोबाइलवर आलेला लेख इथे वाचला जातो आणि सरकारी मोहिमेला 'आमचे डॉक्टर आहेत' असं सांगता येतं.

या चारही घरांना 'लस न घेणारे' हे एकच नाव दिलं, तर औषधही एकच सुचेल : प्रबोधन. पण पहिल्या तीन घरांत प्रबोधनाची गरज तितकीशी नाहीच. पहिल्या घराला सोयीची वेळ आणि तापाबद्दल दोन शब्द हवेत, दुसऱ्याला एकच नोंदवही, तिसऱ्याला ओळख. भाषण कुणाला लागू पडलंच, तर ते चौथ्या घराला.

डाळीचा प्रयोग

हे केवळ आमचं अनुमान नाही. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. १३४ खेड्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटात नवं काहीच केलं नाही. दुसऱ्या गटात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता लसीकरण शिबिर भरवलं. तिसऱ्या गटात शिबिराबरोबर प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या.

पूर्ण लसीकरणाचं प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के निघालं, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात ३९. पालकांची जात, शिक्षण, श्रद्धा यांत कुणी काही बदल केला नव्हता. नुसतं 'शिबिर नक्की होणार' एवढ्यानेच प्रमाण तिप्पट झालं.

किलोभर डाळीसाठी कुणी आपली ठाम श्रद्धा सोडत नाही. म्हणजे यांतल्या बहुतेकांचा लशीला ठाम विरोध नव्हताच. 'पुढच्या महिन्यात पाहू' असं चाललं होतं. लशीची गोष्टच तशी आहे. खर्च आजचा आणि डोळ्यांना दिसणारा : मजुरी, पायपीट, ताप. फायदा उद्याचा आणि न दिसणारा. न झालेला गोवर कुणाला दिसतो?

देशातल्या खेड्यांचं प्रमाण का वाढलं, याचं उत्तरही इथे सापडतं. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आली. ती गावातलीच बाई. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं बाळ राहिलं, हे तिला ठाऊक असतं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मिशन इंद्रधनुष'ने राहिलेल्या मुलांचाच शोध घ्यायचं ठरवलं. आईबापांची परिस्थिती तीच राहिली, पण लस दारापर्यंत आली.

नको म्हणणारे

तरीही जाणूनबुजून नको म्हणणारे असतात. ते अडाणीच असतात का?

महात्मा गांधी बॅरिस्टर होते. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी देवीच्या लशीला कडाडून विरोध केला होता. रोग चुकीच्या राहणीतून येतात, ही त्यांची धारणा, आणि वासराच्या अंगातून काढलेली लस टोचून घेणं त्यांच्या अहिंसेला पटणारं नव्हतं. पुढे १९३६ पासून ते देवळीच्या शेजारच्याच तालुक्यात, सेवाग्रामला राहिले. देवीचा रोग मात्र लशीनेच संपला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. त्याच सेवाग्राममध्ये गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी घरोघरी जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घेतात. थोर माणसाबद्दल आदर ठेवूनही पुरावा वेगळं सांगत असेल तर वेगळ्या वाटेने जाता येतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित केला. तो निबंध २०१० साली मागे घेण्यात आला. मधल्या काळात तिथलं लसीकरण घटलं, आणि ते अधिक शिकलेल्या पालकांत जास्त वेगाने घटलं.

आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळांमधून सुरू झाली. वाचकांपैकी अनेक शिक्षकांनी त्या रांगा सांभाळल्या असतील. काही ठिकाणी मोबाइलवरच्या अफवांमुळे पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. तिकडे दिल्लीत काही पालक उच्च न्यायालयात गेले. पालकांच्या संमतीवाचून मुलांना लस टोचता येणार नाही, असं न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. शंकेचं मूळ दोन्हीकडे सारखंच होतं : आम्हांला कुणी नीट विचारलं नाही, सांगितलं नाही. फरक एवढाच, की एकाकडे वकील होता आणि दुसऱ्याकडे मूल घरी ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता.

सरासरीच्या आड

कुणी म्हणेल, चार-दोन घरं राहिली तर एवढं काय बिघडलं? इथे गोवराचं गणित पाहावं लागतं. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देतो. साथ थांबायची तर त्याने सरासरी एकालाही रोग देता कामा नये. बारा धरले, तर बारांपैकी अकरा जण सुरक्षित हवेत, म्हणजे ९२ टक्के. अठरा धरले, तर सतरा, म्हणजे ९४ टक्के. म्हणूनच ९५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवतात.

आता समजा, तालुक्यात हजार मुलं आहेत आणि ९५० सुरक्षित आहेत. उरलेली ५० मुलं पन्नास खेड्यांत एकेक अशी विखुरलेली असतील, तर गोवर फार पुढे सरकत नाही. पण ती ५० एकाच बेड्यावर किंवा एकाच भट्टीवर असतील, तर? तालुक्याची सरासरी तीच, ९५ टक्के. अहवालात सगळं ठीक. आणि त्या वस्तीत सुरक्षित मुलं जवळजवळ नाहीतच.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत नेमकं हेच दिसलं. गोवंडी-मानखुर्दच्या भागात गोवराची साथ आली, भिवंडी आणि मालेगावातही आली. मुलं दगावली. रुग्णालयं हाकेच्या अंतरावर असलेलं हे महानगर. पण दाट वस्ती, सारखी जागा बदलणारी कुटुंबं, कुपोषण आणि करोनाच्या काळात चुकलेल्या लशी हे सारं तिथे एकाच ठिकाणी साचलं होतं. न घेतलेल्या लशी सगळीकडे सारख्या पसरत नाहीत. जिथे बाकीच्या सोयी पोहोचत नाहीत, तिथेच त्या साठतात. पालकांच्या सामाजिक परिस्थितीचा विचार करायचा तो यासाठी. कुणाला दोष देण्यासाठी नव्हे.

शाळेत काय करता येईल?

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. म्हणजे पाचवी आणि दहावीच्या सुमारास. तेव्हा लसीकरण हा शाळेचाही विषय आहे. दोन-तीन गोष्टी सहज करता येतील.

एक, वर दिलेलं दोन वस्त्यांचं गणित आठवी-नववीच्या वर्गात मांडा. आकडे बदलून मुलांना स्वतः सोडवू द्या. टक्केवारीही पक्की होईल आणि आकड्यांवरून घाईने निष्कर्ष न काढण्याची सवयही लागेल.

दोन, ज्या मुलांची लस राहिली असेल त्यांच्या पालकांना कारण विचारा आणि ते तीन रकान्यांत लिहा : 'माहीत नव्हतं', 'जमलं नाही', 'नको वाटलं'. नाव, जात लिहू नका. वर्गात कुणाला उभं करून विचारू नका, एका मुलाची लाज ही कुठल्याही पाहणीपेक्षा मोठी असते. कोणता रकाना भरतो ते पाहा आणि आशाताईंना व परिचारिकेला दाखवा. 'जमलं नाही' जास्त असेल, तर वेळ आणि जागा बदलून पाहता येईल.

तीन, वीटभट्टीवरचं किंवा बेड्यावरचं मूल शाळेत दाखल झालं, की ही खबर आशाताईंना द्या. शाळेच्या पटावर आलेल्या मुलाचं धाकटं भावंड बहुधा कुठल्याच यादीत नसतं. त्याचा पत्ता शिक्षकालाच आधी लागतो.

आणि पुढच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत "अडाणी लोक" हे उत्तर आलं, तर एवढंच विचारा : त्या घरापासून अंगणवाडीपर्यंत किती अंतर आहे, आणि ते कशाचं आहे?